अडलेल्या ओळीपाशी

दहावीच्या वर्गात फळ्यावर एखादं शाब्दिक उदाहरण सोडवून झालं की मी मुलांकडे वळून विचारते, "समजलं का?" आणि सगळ्या वर्गातून "हो बाई" असा एकच आवाज येतो. त्या आवाजात ज्यांना खरंच समजलंय ती मुलं असतात. फळ्याकडे पाहताना सगळं सोपं वाटलं म्हणून हो म्हणणारी असतात. आणि आपल्याला नेमकं काय समजलं नाही हेच सांगता येत नाही, म्हणून हो म्हणून मोकळी होणारीही असतात. वह्या तपासायला घेतल्या की ही मुलं एकमेकांपासून वेगळी दिसू लागतात, पण वह्या हातात येईपर्यंत पुढचा सरावसंच सुरू झालेला असतो. मुलाच्या शेजारी बसावं आणि त्याचं पेन कोणत्या ओळीवर थांबतं ते पाहावं, हा यावरचा खरा उपाय. भरलेल्या वर्गात, एका तासिकेत, तो किती जणांच्या वाट्याला येणार?

बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८४ साली हाच प्रश्न आकड्यांत मांडला. एकट्याला स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असं त्याच्यासमोर असलेल्या प्रयोगांत दिसलं होतं. एवढा लाभ सगळ्या वर्गाला कसा मिळवून द्यायचा, हे कोडं त्याने पुढच्यांसाठी ठेवलं. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ इतका मोठा निघाला नाही. कर्ट व्हॅनलेन या संशोधकांनी २०११ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुलाच्या प्रत्येक पायरीवर सोबत राहणाऱ्या संगणकीय प्रणाली माणसाच्या शिकवणीच्या अगदी जवळ पोचल्या होत्या. फक्त शेवटचं उत्तर बरोबर की चूक एवढंच सांगणाऱ्या प्रणाली मात्र बऱ्याच मागे राहिल्या. म्हणजे फरक पडतो तो ओळीओळीपाशी थांबण्याने.

हे सगळं मी वाचलं ते गरज पडली म्हणून. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. संस्थेने संगणक कक्षात एआय सहायकाची सोय करून दिली आणि दहावीच्या गणितासाठी ती वापरून पाहायचं काम माझ्याकडे आलं. रचना साधी आहे. शिक्षकाने धडा आणि उदाहरणं त्यात भरायची, सहायकाने मुलांशी कसं वागायचं याच्या सूचना लिहायच्या. मुलांनी शाळा सुटल्यावर तिथे सराव करायचा आणि अडलं की आपल्या भाषेत विचारायचं. मुलांचं आणि सहायकाचं सगळं बोलणं शिक्षकाला नंतर वाचता येतं.

हा सहायक जसा हातात येतो तसाच वापरला तर तो फार उदार असतो. मुलाने उदाहरण टाकलं की तो ते सगळ्या पायऱ्यांसकट सोडवून देतो, वर "आणखी काही मदत हवी का?" असं विचारतो. मूल खूश, वही भरलेली, गृहपाठ पूर्ण. आपल्याकडे ही सोय नवी नाही. गाइडं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत, आणि गाइडातून उतरवलेला गृहपाठ ओळखायला कोणत्याही शिक्षकाला वेळ लागत नाही. दुसऱ्याने सोडवलेलं वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते आणि पटलेलं म्हणजे आलेलं असं मुलाला प्रामाणिकपणे वाटतं. ते खोटं बोलत नसतं. कोऱ्या कागदासमोर बसेपर्यंत त्याला कळायला काही मार्गच नसतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तुर्कस्तानातून आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या एका शाळेत २०२३ साली सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. विषय गणितच होता. काही वर्गांना नेहमीसारखी वही-पुस्तकं दिली. काहींना जीपीटी-४ या एआयवर चालणारा, विचारलं ते सांगणारा सहायक दिला. तिसऱ्या गटाला तोच सहायक दिला, पण त्याला शिक्षकांनी आधी तयार केलं होतं: प्रत्येक उदाहरणाचं बरोबर उत्तर, मुलं त्यात सहसा कुठे चुकतात याची माहिती, आणि उत्तर न देता फक्त इशारा द्यायची सूचना. सराव करताना दुसऱ्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, तिसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. मग सहायक काढून घेऊन परीक्षा घेतली. विचारलं ते सांगणारा सहायक वापरलेली मुलं वही-पुस्तकवाल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. आपण कमी शिकलो असं त्या दुसऱ्या गटातल्या मुलांना वाटतही नव्हतं, हा भाग वाचून मी बराच वेळ थांबले होते. आमच्या वर्गातला तो एकसुरी होकार मला त्यात ऐकू आला.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग उलट बाजूने तेच सांगतो. तिथे एआय सहायकाबरोबर शिकलेल्यांनी चांगल्या, चर्चेने चालणाऱ्या वर्गापेक्षाही कमी वेळात जास्त कमावलं. पण तिथेही प्राध्यापकांनी धड्याचे टप्पे पाडून दिले होते आणि पायरीपायरीची बरोबर उत्तरं सहायकाच्या हाती आधीच ठेवली होती. या यशामागे यंत्राआधी झालेलं शिक्षकाचं काम आहे, आणि ते काम कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही.

म्हणून आम्ही शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांनी एकत्र बसून आधी चुकांची यादी केली. जुन्या उत्तरपत्रिका समोर घेतल्या आणि प्रत्येक धड्यात मुलांचा पाय कुठे घसरतो ते लिहून काढलं. बेरजेचा वर्ग करताना मधलं पद गायब होतं. क्षचा वर्ग बरोबर ५क्ष असं समीकरण आलं की मुलं दोन्ही बाजूंना क्षने भागतात, ५ हे मूळ मिळतं आणि शून्य हे मूळ हरवतं. विवेचक काढताना मधला सहगुणक ऋण असला की त्याचा वर्गही ऋण लिहितात. अंकगणिती श्रेढीत विसावं पद विचारलेलं असतं आणि मुलं वीस पदांची बेरीज काढून मोकळी होतात. अर्थनियोजनात करासह ११८० रुपये किंमत दिली आणि दर १८ टक्के असला, तर ११८० चेच १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे कर लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. कर १८० रुपये आहे, कारण तो मूळच्या १००० रुपयांवर लागलेला आहे. असं सगळं सहायकाला लिहून दिलं. सोबत सांगितलं: मुलाने स्वतःची एक तरी ओळ लिहिल्याशिवाय पुढचं काही सांगायचं नाही, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि चूक दिसली तर ती दुरुस्त करून न देता मुलाला त्या ओळीपाशी परत न्यायचं.

मुलांना हे आवडलं नाही. सुरुवातीच्या संभाषणांत "उत्तर सांग ना", "मला काहीच येत नाही", "वेळ नाहीये, उत्तर दे" हीच वाक्यं भरली आहेत. काहींनी मला येऊन सांगितलं, की बाई, दुसरीकडे विचारलं तर लगेच मिळतं. ते खरंच आहे. घरच्या फोनवर कोणताही एआय त्यांना उत्तर देणारच, आणि ते अडवणं माझ्या हातात नाही. शाळेतल्या त्या तासापुरता मी हट्ट धरला.

मग हळूहळू प्रश्न बदलत गेले. त्यातला एक मला सविस्तर सांगायचा आहे. उदाहरण नेहमीचं होतं. आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर आहे, तर लांबी-रुंदी काढा. रुंदी क्ष मानली की क्षचा वर्ग अधिक ५क्ष बरोबर ३०० असं वर्गसमीकरण मिळतं आणि त्याची मुळं १५ आणि उणे २० येतात. "रुंदी ऋण नसते, म्हणून उणे २० त्याज्य" ही ओळ सगळीच मुलं पाठ असल्यासारखी लिहितात. वर्गात कधीही हात वर न करणाऱ्या एका मुलीने सहायकाला विचारलं होतं, "उणे २० समीकरणात ठेवून बघितलं तर ते बसतं. मग ते चूक कसं?" सहायकाने उत्तर दिलं, की समीकरणात ते बरोबरच आहे, क्ष म्हणजे आपण काय मानलं होतं ते पुन्हा एकदा वाच. तिने थोड्या वेळाने लिहिलं, "रुंदी मानली होती. म्हणजे समीकरणाला शेत माहीतच नाही."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी तिचं नाव न घेता फळ्यावर लिहिलं. समीकरणाला शेत माहीत नाही. ज्या तासाला मी पुढचा सरावसंच घेणार होते तो सगळा तास त्या वाक्यावर गेला. एका मुलाने विचारलं, मग उणे २० आलं कुठून? आम्ही ते ठेवून पाहिलं. रुंदी उणे २० तर लांबी उणे १५, आणि दोन्हींचा गुणाकार पुन्हा ३००. म्हणजे शेताच्या त्याच दोन बाजू चिन्ह बदलून परत आल्या होत्या. वर्गात एकदम गलका झाला. कुणी म्हणालं हे नेहमीच होतं का, कुणी वहीत दुसरी उदाहरणं करून बघायला लागलं. क्षेत्रफळाचं प्रत्येक उदाहरण सोडवताना ज्या संख्येवर आपण निमूटपणे रेघ मारतो, तिच्याकडे मुलं पहिल्यांदाच पाहत होती.

हा प्रश्न त्या मुलीने मला विचारला नसता. मी रागावणारी आहे म्हणून नव्हे. पन्नास-साठ जणांसमोर, सगळे "हो बाई" म्हणत असताना, सगळ्यांनी मान्य केलेल्या ओळीवर शंका घ्यायला पंधरा वर्षांच्या मुलीला जे धाडस लागतं ते फार मोठं आहे. यंत्रासमोर ते लागत नाही. तिथे कुणी हसत नाही, कुणाचा वेळ जात नाही, तोच प्रश्न पुन्हा विचारला तरी चालतं. या सोयीचा सर्वांत मोठा लाभ मला इथे दिसतो. मुलांना माझ्यापेक्षा चांगला शिक्षक मिळाला असं नाही. मुलांच्या मनात कोणते प्रश्न आहेत ते मला कळायला लागलं. आता वर्गात शिरायच्या आधी मी आदल्या संध्याकाळची संभाषणं चाळते आणि त्यावरून तास कसा घ्यायचा ते ठरवते.

शिक्षकाच्या मदतीला असा सहायक याआधीही आला आहे. प्राध्यापक अशोक गोयल यांनी २०१६ साली अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत ऑनलाइन वर्गासाठी 'जिल वॉटसन' नावाचा सहायक आणला होता. सुमारे तीनशे विद्यार्थी एका सत्रात दहा हजारांच्या घरात संदेश पाठवत, आणि त्यातले पुन्हा पुन्हा येणारे नित्याचे प्रश्न तो सहायक हाताळायचा. शिक्षकाचा वेळ वाचवणं हा त्यामागचा हेतू होता. माझा अनुभव जरा वेगळा आहे. माझा वेळ वाचलेला नाही, उलट संभाषणं वाचण्यात तो जास्त जातो. पण तो वेळ योग्य जागी जातो आहे असं मला वाटतं.

संगणक कमी असल्याने मुलं दोघं-दोघं बसतात. ही अडचण म्हणून सुरू झालेली गोष्ट आता मी संगणक वाढले तरी सोडणार नाही. एकटं मूल पडद्यासमोर बसलं की पटकन "सांग" म्हणतं. दोघं असली की आधी एकमेकांत वाद होतो, "अगं, हे असं नाही, चिन्ह बदलायला पाहिजे." काय विचारायचं यावर एकमत व्हावं लागतं, आणि तेवढ्यात निम्म्या वेळा प्रश्नच सुटलेला असतो.

सहायक चुकतोही. भाषेचं हे यंत्र पुढे कोणता शब्द येणं संभवतं ते पाहत वाक्य रचत जातं. त्यामुळे रीत बरोबर आणि गुणाकार चूक असं एकाच आत्मविश्वासाच्या सुरात येऊ शकतं. मराठीत तर आणखी एक अडचण आहे. त्याने वाचलेलं मराठी थोडं आहे, म्हणून मध्येच हिंदी पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा येतात आणि मूल बिचकतं. बालभारतीच्या पुस्तकातल्या संज्ञा त्याला लिहून दिल्यावर हे बरंच कमी झालं. भूमितीत मात्र मी त्याला अजून फारसं येऊ दिलेलं नाही. समरूप त्रिकोणांत शिरोबिंदूंचा क्रम त्याच्याकडून बिघडतो, आणि आकृतीशिवाय प्रमेयाची सिद्धता शिकणं म्हणजे रस्ता न बघता चालणं आहे. मुलांनी कंपासपेटी काढावी, कागदावर आकृती काढावी, आणि तिच्यावरच बोट ठेवून बोलावं.

त्याच्या चुकांमुळे एक जुनी सवय मात्र परत आली. ताळा पाहणं. मिळालेली किंमत समीकरणात ठेवायची, दोन्ही बाजू जुळतात का ते तपासायचं. ही सवय मुलांना लावायला मी वर्षानुवर्षं झटत आले आणि मुलं तिला वेळखाऊ समजत आली. आता मुलं सहायकाच्या उत्तराचा ताळा पाहतात, चूक सापडली तर आनंदाने ओरडून सांगतात, आणि फळ्यावर मी लिहिलेल्या उत्तराचाही ताळा घेऊन पाहतात. मला याचं मनापासून समाधान आहे. कोणाच्याही शब्दावर न विसंबता स्वतः खात्री करून घेणं, हे गणिताने मुलाला दिलेलं सर्वांत मोठं बळ आहे.

आता काळजीची गोष्ट. मुलं तिथे गणिताबाहेरचंही लिहितात. घरात भांडणं आहेत म्हणून अभ्यास होत नाही, दहावीनंतर शिकवणार नाहीत म्हणतात, मला परीक्षेची भीती वाटते. असं काही लिहिलेलं वाचलं की मी त्या मुलाशी एकटीने बोलते. पण हे बोलणं शिक्षक वाचतात हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं असलं पाहिजे. ते न सांगता वाचणं हा विश्वासघात आहे, आणि मुलाने यंत्राला सांगितलेलं दुःख कुणीच न वाचणं ही त्याहून वाईट गोष्ट आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. शाळांनी ती संमती म्हणजे सही घ्यायचा एक कागद असं समजू नये. आम्ही पालक सभेत संगणक लावून आई-वडिलांना संभाषण कसं दिसतं ते दाखवलं. प्रश्न पुष्कळ आले, आणि येणं योग्यच होतं. फोन मुलाच्या हातात जास्त वेळ राहील का, याचं शुल्क पुढे आम्हाला भरावं लागेल का, आणि एका आईने विचारलेला, मी शाळेत गेले नाही, मला हे मुलीबरोबर वापरता येईल का.

बोर्डाचा पेपर शेवटी हातानेच लिहायचा आहे. बीजगणिताला ४० गुण, दोन तास, आणि जवळ कोणताही सहायक नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे माझ्या कामी येतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होतं. वाचून मग न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना मात्र आठवड्यानंतर जास्त आठवलं. म्हणून आठवड्यातला एक दिवस संगणक बंद असतो. कोरा कागद घ्यायचा आणि त्या आठवड्यात जिथे अडलो होतो ते उदाहरण आठवणीतून सोडवायचं. मुलं त्या दिवशी कुरकुरतात. सराव परीक्षेच्या आधी तर संगणक कक्ष पूर्णच बंद ठेवायचा असं आम्ही ठरवलं आहे.

एक भीती मला सोडत नाही. अनेक शाळांत गणिताच्या शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि ही सोय स्वस्त आहे. उद्या कुणी म्हणेल, की आता सहायक आहे, तर शिक्षक कशाला? ज्यांच्या हातात हे निर्णय आहेत त्यांनी तुर्कस्तानातल्या त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक नीट पाहावा. यंत्र दोन्हींकडे एकच होतं. मुलं कुठे चुकतात हे माहीत असलेला शिक्षक फक्त तिसऱ्या गटाच्या मागे उभा होता. जिथे तो शिक्षकच नसेल, तिथे मुलांच्या हाती फक्त एक बोलकं गाइड येईल, आणि १७ टक्क्यांचं ते नुकसान ज्यांना परवडत नाही अशाच मुलांच्या वाट्याला येईल.

या सुट्टीत आम्ही त्रिकोणमितीची यादी करतो आहोत. उन्नत कोन आणि अवनत कोन यांत मुलं नेमकी कोणती बाजू चुकीची धरतात, हे पाहण्यासाठी जुन्या वह्या काढून ठेवल्या आहेत. आठवी-नववीच्या शिक्षकांनाही बसायला बोलावलं आहे, कारण दहावीत दिसणाऱ्या बऱ्याचशा चुका तिथूनच आलेल्या असतात, अपूर्णांकांतून आणि कंसांतून.